रूथताई, त्या रिकाम्या कबरीबद्दल

रूथताई, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. आपला वाद होता तिथंच राहिलाय, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या बोलण्याला पलीकडून उत्तर येत नाही.

कल्याणच्या दफनभूमीत चर्चचे पाळक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. नगरहून आलेले तुमचे नातेवाईकही तेच बोलले. मोठी भाविक बाई, मनात कधी शंका म्हणून येऊ दिली नाही. मी मागे उभी राहून ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. तुमच्याइतक्या शंका शांतपणे ऐकून घेणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्यांतल्या निम्म्या तर तुमच्या स्वतःच्याच होत्या. परतताना एका बाईंनी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, शेजारीण. बरोबरच होतं ते, पण पुरतं नव्हतं. रस्त्यात उभं राहून सगळं सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

मी त्र्याण्णव साली गावच्या हायस्कूलात इतिहास शिकवायला आले. तुम्ही आधीपासून उपकेंद्रात नर्स होतात. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून दोन खोल्या, एकीत तुम्ही, दुसरीत मी, मध्ये कुडाची भिंत. मी मुरबाडकडच्या भात पिकवणाऱ्या घरातली, घरातली पहिली एम.ए. नुकतीच पदवी घेतलेल्या माणसाला येते ती मस्ती अंगात होती. कुणी काही सांगितलं की मी विचारायची, याला पुरावा काय? आमच्या ग्रामदेवीच्या कथेबद्दल विचारून वडिलांशी दोन महिने अबोला धरून झाला होता. त्यामुळे फक्त तुमच्याच देवावर माझा डोळा होता असं नाही. तुम्ही भिंतीपलीकडे होतात, म्हणून तुम्ही सापडलात.

पहिल्या नाताळला तुम्ही करंज्या घेऊन आलात. ताट हातात घ्यायच्या आधी मी म्हटलं, येशूचा जन्म पंचवीस डिसेंबरला झाला याला आधार काय?

"काहीच नाही," तुम्ही म्हणालात. "तारीख आम्ही ठरवली. करंजी घे, गार होतेय."

मी भांडायच्या तयारीत होते आणि तुम्ही दारच उघडून दिलंत. खरं सांगायचं तर मला राग आला. मग मी रोज संध्याकाळी काही ना काही घेऊन येऊ लागले. कल्याणच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची, टिपणं काढायची आणि तुम्ही भाकऱ्या थापत असताना चुलीशी बसून तुम्हाला ऐकवायची. जन्माच्या दोन कथा एकमेकींशी जुळत नाहीत. एकीत जो राजा बाळाच्या जिवावर उठलाय, तो दुसरीतल्या शिरगणतीच्या दहाएक वर्षं आधीच मेलेला आहे. आणि बेथलेहेम हे गाव जुन्या भविष्यवाणीशी जुळावं म्हणून मागाहून घातलेलं असणार.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग आत जाऊन उपकेंद्राची जन्मनोंदवही आणलीत आणि माझ्या मांडीवर ठेवलीत. म्हणालात, ही वाच, हा तुझा लेखी पुरावा. यातल्या बायका बाळंतपणाला माहेरी आलेल्या, म्हणून पोरांचं जन्मगाव हे. वीस वर्षांनी ती पोरं दुसरंच गाव सांगतील आणि तेही खोटं बोलत नसतील. पाड्यावरून आठ-आठ दिवसांनी खबर येते, तेव्हा तारीख मी अंदाजानं टाकते. आणि तुम्ही शाळावाले काय करता? अख्खा पाडा एक जूनला जन्माला घालता.

 त्याच आठवड्यात मी स्वतः चार मुलांच्या दाखल्यात एक जून लिहिला होता.

म्हणजे नोंदीवर विश्वास ठेवायचाच नाही का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ठेवायचा, पण लिहिणाऱ्या बाईचा हात ओळखून ठेवायचा. एम.ए.च्या दोन वर्षांत कुणी मला हे इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. पुढे दहावीच्या वर्गात इतिहासाच्या साधनांचा धडा शिकवताना मी दर वर्षी तुमचंच वाक्य वापरलं आणि तुमचं नाव सांगितलं नाही. ही माझी लबाडी तुम्हाला माहीत होती. शाळेतल्या मुली उपकेंद्रात येऊन तुम्हाला सगळं सांगायच्या.

आपलं खरं भांडण मात्र त्या कबरीवरून होतं. येशू नावाचा माणूस होता आणि रोमनांनी त्याला क्रूसावर मारलं, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर होते. इतिहासकारही बहुतेक तेवढं मानतात. त्याच्यापुढे मी थांबायची. तिसऱ्या दिवशी पहाटे बायका कबरीशी गेल्या आणि कबर रिकामी होती, हे बायबलातले चार जण चार तऱ्हेनं सांगतात. कुणी म्हणतं एकच बाई गेली, कुणी दोन म्हणतं, कुणी तीन. आत कुणाला एक तरुण दिसला, कुणाला दोन देवदूत. आणि सगळ्यांत आधी लिहिलेलं जे शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, तेही घटनेनंतर चाळीसेक वर्षांनी लिहिलेलं, त्याच्या आज मिळणाऱ्या सर्वांत जुन्या प्रती तर मध्येच तुटल्यासारख्या संपतात. बायका घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, संपलं. हे मला सापडलं तेव्हा मी भलतीच खूश होते. धावतच तुमच्याकडे आले. म्हटलं, त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत, तर मग लिहिणाऱ्याला कळलं कुठून?

तुम्ही सुया उकळत होतात. चिमट्यानं एकेक सुई बाहेर काढत म्हणालात, "पाड्यावरच्या बायका माझ्याकडे येतात ना, त्या पहिलं वाक्य हेच बोलतात. मी कोणाला काय बोलले नाय. आणि मग तासभर मला सांगत बसतात."

मी त्यावर युक्तिवाद केला, तो करायलाच हवा होता. एखादी गोष्ट घडू शकते म्हणजे ती घडली असं होत नाही. तुम्ही ते मान्यही केलंत. पण त्या दिवसापासून त्या बायका मला कागदावरच्या राहिल्या नाहीत. त्या तुमच्या ओसरीवर येऊन बसल्या, पदर तोंडाला लावून.

आता हिराच्या जन्माबद्दल लिहिते. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यातली दुपार होती. तुमची मदतनीस सरळगावच्या बाजाराला गेलेली, आणि पाड्यावरून निरोप आला. तुम्ही माझ्या दारात येऊन म्हणालात, चल, कुणीतरी हाताशी पाहिजे. आपण उन्हातून अर्धा तास चालत गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा बाळंतपण पाहिलं. मुलगी झाली, पण ती रडेना. अंग निळसर पडलेलं. तुम्ही नळीनं तिच्या घशातला चिकटा ओढलात, पाठ चोळलीत, तळपायांवर टिचक्या मारल्यात, मग आपलं तोंड तिच्या नाकातोंडावर ठेवून हलकेच फुंकलंत. पुन्हा फुंकलंत. मध्ये मध्ये तुमचे ओठ हलत होते. मी जवळ होते, मला शब्द ऐकू आले. बापा, हिला श्वास दे. एवढंच, चार-पाच वेळा. तुमच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्यातलं काही तिच्या कपाळावर पडलं. मग ती रडली. तिची आजी, बायजाआजी, भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून पुढे काय झालं ते मला बारकाईनं बघता आलं. गोष्ट पाड्याबाहेर पडली. दोन वर्षांनी शाळेत खर्डीकडच्या एका मुलानं मला सांगितलं, की नर्सबाईनं पाणी मारून मेलेलं मूल उठवलं. आणखी काही वर्षांनी ते मूल दिवसभर मेलेलं होतं. मग त्याच्यासाठी खड्डाही खणून झाला होता. मी हे सगळं वहीत लिहून ठेवत होते, कोण बोललं, कोणत्या गावचं, कधी. एका संध्याकाळी ती वही मी तुमच्यासमोर ठेवली. म्हटलं, ताई, हे बघा. दंतकथा कशी तयार होते ते आपण डोळ्यांदेखत पाहिलं. त्याला चाळीस वर्षंही लागत नाहीत, पाच पुरतात.

तुम्ही पूर्ण वही वाचलीत.  ताट वाढलंत, पण स्वतः जेवला नाहीत. मला वाटलं होतं, आपण वादात एक डाव जिंकलोय. भिंतीपलीकडून त्या दिवशी रोजचं गाणं ऐकू आलं नाही, तेव्हा कळलं की मी तुमच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. चार दिवसांनी तुम्ही होऊन आलात. म्हणालात, तुझं म्हणणं मला टाळता येत नाही, तसंच झालं असेलही. पण तुझ्या वहीतल्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट सारखीच आहे. पोर जिवंत आहे. ती खोडून ही वही लिहिता येत नाही.

मी म्हटलं, ती जिवंत आहे ते नळीमुळे. तुम्ही म्हणालात, नळी माझीच होती, मला ठाऊक आहे. आणि आपण दोघी हसलो. पण तेवढ्यानं प्रश्न सुटला नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं.

त्याच दंतकथेनं पुढे तुमची नोकरी धोक्यात आणली. कुणी अर्ज केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. नर्सबाई बाळंतपणात मंत्र म्हणते, पोरांच्या कपाळाला पाणी लावून त्यांना बाटवते, अशी तक्रार वर गेली. तालुक्याहून चौकशीला साहेब आले. प्रत्यक्ष पाहिलेली म्हणून माझा लेखी जबाब मागितला. गावात लोक तुमच्याशी बोलताना आवाज खाली करू लागले होते. तुमच्या निवृत्तीला तीनच वर्षं राहिली होती आणि तुम्ही झोपेच्या गोळ्या घेत होतात, हे मला रिकाम्या पाकिटावरून कळलं होतं.

मी जबाब लिहायला बसले. नळी लिहिली, पाठ चोळणं लिहिलं, फुंकर लिहिली. प्रार्थनेच्या ओळीपाशी पेन थांबलं. बाळंतीण सोडली तर शब्द ऐकणाऱ्या आम्ही दोघीच होतो, मी आणि बायजाआजी. मी ती ओळ गाळली. आयुष्यभर दुसऱ्यांकडे पुरावा मागणाऱ्या बाईनं आपल्या हातचा पुरावा लपवला, आणि तुम्हाला सांगितलंही नाही.

चौकशी शाळेच्या एका वर्गात झाली. साहेबांनी माझा जबाब वाचून दाखवला आणि तुम्हाला विचारलं, यात प्रार्थनेचा उल्लेख नाही, म्हणजे तुम्ही ती केली नव्हती, असं समजायचं का? तुम्ही फक्त हो म्हणायचं होतं. मी तुमच्याकडे बघत होते, डोळ्यांनी सांगत होते.

"केली होती," तुम्ही म्हणालात. "मूल श्वास घेत नव्हतं. दोन्ही हात कामाला होते. तोंड मोकळं होतं तेव्हा केली."

 साहेबांनी बायजाआजीला पुढे बोलावलं. ती बाकाला धरून उभी राहिली. साहेबांनी विचारलं, बाईनं मंत्र म्हटला का, पाणी लावलं का?

"मंतर नाय," आजी म्हणाली. "ती रडत होती. डोल्याचं पानी पोरीवर पडलं. ती तिच्या देवाला हाक मारत होती, आमी आमच्या मारत होतो. कोनाचा आयकला ते आमाला नाय ठावं. पोर हाय, बगा, ती बसलीय."

हिरा दाराशी बसली होती, सहा वर्षांची, बोरं खात. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कागद मिटले आणि तक्रारीत तथ्य नाही असं लिहून दिलं. पुढे त्याचं काही झालं नाही. लोकांचे आवाजही हळूहळू पूर्वीसारखे झाले.

परतताना मी खाली मान घालून चालत होते. मला वाटलं, तुम्ही रागवाल. तुम्ही म्हणालात,

"आता बघ, सुनंदा. तुझी साक्ष वेगळी, माझी वेगळी, आजीची तिसरीच. उद्या कुणी तीन कागद शेजारी ठेवले तर म्हणेल, यांचं जुळत नाही, सगळं रचलेलं आहे. तू ती ओळ का गाळलीस, ते त्या कागदात कुठं दिसणार?"

 तुम्ही माझा दंड धरलात आणि आपण तशाच घरापर्यंत आलो. चूक झाली, एवढे दोन शब्द मी तेव्हा बोलायला हवे होते. बोलले नाही. नंतर सात वर्षांत रोज बोलता आले असते. तुम्ही ते कधी मागितले नाहीत, आणि मी आपली दुसऱ्याच गोष्टींवरून वाद घालत राहिले. आता म्हणते, ताई, चुकलं माझं. पण तुम्ही त्याचं जे केलंत, चुकीतूनच मला साक्ष म्हणजे काय ते दाखवलंत, ते मला कुठल्याच विद्यापीठानं दिलं नसतं.

निवृत्तीनंतर तुम्ही नगरला जाल असं सगळ्यांना वाटलं होतं. तुम्ही शहापुरात खोली घेतलीत, आणि माझी बदलीही तिथल्याच शाळेत झाली. ती वर्षं फार सुखाची गेली. शनिवारी दुपारी मी यायची. महिन्यातून एका रविवारी तुम्हाला कल्याणच्या प्रार्थनेला जायचं असायचं तेव्हा आसनगावपर्यंत रिक्षानं सोडायला यायची. वाद चालूच. मी नवीन काही वाचलं की फोन करायची आणि तुम्ही म्हणायचात, फोनवर नको, समोर ये, तुझा चेहरा बघितल्याशिवाय मला मजा येत नाही. एकदा मी अगदी टोकाचं विचारलं. समजा उद्या पक्का पुरावा निघाला, की ती कबर रिकामी नव्हतीच. मग?

तुम्ही म्हणालात, मग मी खूप रडेन. दुसऱ्या दिवशी उठून शेजारच्या म्हातारीची साखर तपासायला जाईन, कारण ती वाट बघत असते. मग तुम्ही उलट विचारलंत, आणि समजा तुझ्या मनाजोगा पुरावा निघाला, की ते खरंच घडलं. तर तू काय करशील? मी म्हटलं, मुलांना शिकवायचा धडा बदलीन. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, एवढंच? त्याचं उत्तर मी दिलेलं नाही. आजही माझ्यापाशी नाही. तुम्हाला खोटं उत्तर चाललं नसतं.

शेवटच्या महिन्यात आजारानं तुमचं बोलणं कमी झालं. दुखत होतं, पण तुम्ही घाबरलेल्या नव्हतात, हे मला तुमच्या हातावरून कळायचं. एका शनिवारी तुम्ही होऊन विषय काढलात. विचारलंत, त्या बायका पहाटे तिथं कशाला गेल्या होत्या? मी म्हटलं, प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला. सणाच्या दिवसामुळे ते राहून गेलं होतं, असं लिहिलंय.

"म्हणजे राहिलेलं काम करायला," तुम्ही म्हणालात. "चमत्कार बघायला नाही गेल्या."

आपलं एवढंच शेवटचं बोलणं. तिथं मला वाद घालण्यासारखं काही सापडलं नाही.

तुम्ही मंगळवारी पहाटे गेलात. कल्याणहून तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघी जणी आल्या, पण तुम्हाला उचलून कुशीवर घ्यायला तिसरं माणूस लागणार होतं. त्यांनी जरा अवघडून मला विचारलं, तुम्हाला चालेल का? मी पदर खोचला. कोमट पाण्यात फडकं भिजवून आम्ही तुमचं अंग पुसलं. तुमच्या उजव्या अंगठ्यापाशी सुईचे जुने डाग होते, तेही पुसून पाहिले, गेले नाहीत. एकीनं पावडर लावली, एकीनं पांढरी साडी नेसवली. केस माझ्या वाट्याला आले. मी गुंता सोडवला, भांग पाडला, छोटासा अंबाडा घातला. त्या तासाभरात मनात एकही शंका आली नाही, आणि श्रद्धाही आली नाही. बाहेर उजाडत होतं आणि आम्ही तिघी हळू आवाजात काम करत होतो, पाणी जरा इकडे घ्या, हात धरा, झालं आता.

ताई, मी अजून तुमच्या बाजूला आलेले नाही. पण कबरीकडे जाणाऱ्या त्या बायकांबद्दल मला यापुढे कुणी पुरावा मागितला, तर दारापर्यंतचा मी देऊ शकेन. त्या गेल्या असणार. कशा गेल्या, हातात काय होतं, आपसात काय बोलल्या, ते मला माहीत आहे. दाराच्या आत काय होतं ते मला माहीत नाही. ते तुम्हाला कळलं असेल, किंवा नसेलही. मी अंबाडा नीट घट्ट घातलाय.